थेंबाण्णांचा निळा रंग

उद्यमबागेतल्या आमच्या प्लेटिंगच्या कारखान्यात मालकांशी वाद घालता यायचा, गिऱ्हाइकाशी तर रोजच घातला जायचा, पण थेंबाण्णांच्या आकड्याशी वाद घालायची पद्धत नव्हती. सकाळी साडेनऊला लॅबच्या दारात येऊन ते "आठ दोन" म्हणाले की आठ दोन. त्यावर टाकीत किती जस्त सोडायचं ते ठरायचं आणि त्यावर बॅरल फिरायचे. कित्येक वर्षं तो आकडा कुणी तपासला नव्हता. तपासायची पाळी आली ती माझ्यावर, आणि खरं सांगते, त्यापेक्षा नोकरी सोडून खानापूरला आमच्या भाताच्या शेतात चिखल तुडवलेला बरा, असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्यांचं नाव बाळाप्पा. पगारपत्रकाबाहेर ते नाव कुठं ऐकू यायचं नाही. वीस पावलांवरून थेंब मोजणारा माणूस म्हणून थेंबाण्णा. मालकसुद्धा तेच म्हणायचे, आणि एकदा त्यांच्या नावावर लग्नपत्रिका आली तीही 'श्री. थेंबाण्णा, खासबाग' अशी आली, आणि बरोबर पोचली. बुटका माणूस, पांढरा शर्ट, डोक्याला खोबरेल तेल, खिशात दोन पेनं. निळं आकड्यांना, लाल चुकांना. लाल पेनातली शाई वर्षानुवर्षं पुरायची.

आमचं काम तसं सोपं. बोल्ट, नट, पट्ट्या गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर जस्ताचा पातळ थर चढवायचा. ज्या टाकीत तो चढतो तिला आम्ही बाथ म्हणतो, आणि माल भरून तिच्यात फिरवायच्या भोकाभोकांच्या पिंपांना बॅरल. बाथमध्ये जस्त कमी झालं की थर पातळ, जास्त झालं की खडबडीत. किती आहे ते नुसतं बघून कळत नाही. मग बाथमधलं पाच मिली पाणी चंबूत घ्यायचं, त्यात अमोनियाचा वास मारणारं एक पाणी आणि चिमूटभर इंडिकेटर टाकायचा, की ते लाल होतं. वरून ब्युरेटच्या, म्हणजे खुणा आखलेल्या काचेच्या नळीच्या, तोटीतनं थेंब थेंब औषध सोडत जायचं. लालाचा निळा झाला की तोटी बंद करायची आणि किती मिली लागलं ते वाचायचं; जितके मिली जास्त, तितकं बाथमध्ये जस्त जास्त. ह्याला टायट्रेशन म्हणतात. पुस्तकात हे पाच ओळींत उरकलंय. थेंबाण्णांकडून शिकायला मला सहा महिने लागले.

पहिल्या दिवशी मी एम. एस्सी.ची ऐट घेऊन ब्युरेटपाशी उभी राहिले, तोटी सोडली आणि अर्ध्या मिनिटात निळा रंग काढून दाखवला.

"काय गं मास्तरीण," थेंबाण्णा म्हणाले, "म्हशीला पाणी पाजाय लागलीस काय?"

"रंग आला की, आण्णा!"

"आला न्हाय. येऊन पुढं निघून गेला. तुला वाटंत गावला न्हाय त्यो."

त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले. मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. आधी चंबूखाली पांढऱ्या धोतराचा चौकोनी तुकडा अंथरला. तो तुकडा ते रोज घरून धुऊन आणायचे. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं चंबू गोल गोल, आणि तोंडानं कानडीत पुटपुटणं, "स्वल्प... स्वल्प... निधान..." म्हणजे थोडं, थोडं, हळू. शेवटचे थेंब तर तोटीच्या टोकाला अर्धे लोंबकळत ठेवून काचेला पुसून घ्यायचे. आणि रंग आला की मोठ्यानं, "साकू!" म्हणजे पुरे. ही साकू लाइनवर बॅरलपर्यंत ऐकू जायची आणि तिकडून मारुती ओरडायचा, "झालं बघ आण्णाचं बाळंतपण!" मारुती पिरनवाडीचा. सकाळी शेतावर पाणी सोडून कामावर यायचा, आमची बॅरल लाइन सांभाळायचा, आणि तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

थेंबाण्णांचं घराणं खासबागेतल्या विणकरांचं. वडील साड्या विणायचे आणि सूत रंगवायची भट्टी दारातच होती. शाळा दहावीपर्यंत, पण रंगांचं शिक्षण आईच्या पोटातनं. त्यामुळे आमच्या चंबूतले रंग पुस्तकातले नव्हतेच. सुरुवातीचा लाल तो डाळिंबी. मध्ये एक जांभळट रंग येतो तो वांगी. "डाळिंबी जाऊ दे, भ्यायचं न्हाय. वांगी आला की श्वास धरायचा. वांगीतला लाल शेवटचा जातोय तवा साकू." मी कॉलेजात दोन वर्षं हे टायट्रेशन केलं होतं. मध्ये वांगी असतो हे मला तेव्हाच कळलं.

एकच रीडिंग त्यांना कधी चालायचं नाही. तीनदा. तिन्ही जुळली तरच आकडा. "एकदा आलेला पावना आसतोय. तीनदा आला तर सोयरा." आणि सॅम्पल घ्यायच्या आधी बाथ ढवळलाच पाहिजे. ह्या ढवळण्यावरनं तर त्यांनी निपाणीत एक लग्न वाचवलं.

त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं, मालकांच्या गाडीतनं गेलो होतो. मांडवामागं भली मोठी आमटी शिजत होती. आचाऱ्यानं मीठ टाकलं, पळीभर वरची आमटी चाखली, तोंड वाकडं केलं, परत मीठ टाकलं. परत चाखली, परत तोंड वाकडं. तिसऱ्यांदा मूठ भरली तेवढ्यात थेंबाण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"ढवळलास काय रं?"

"आवो पावनं, तुमी बसा की पंगतीला."

"बसतो. आदी ढवळ."

आचारी तणतणत ढवळायला लागला. तळापासून चांगलं दहा वेळा. मग मधली पळी काढून थेंबाण्णांनी त्यालाच चाखवली. त्यानं मिठाचा डबा बाजूला सारला. मीठ सगळं खाली बसलं होतं. आहे तेच काठावर होतं, तिसरी मूठ पडली असती तर आख्ख्या वऱ्हाडानं पाण्याचा टँकर संपवला असता. "वरचं चाखून कुणाचीबी परीक्षा करू नये," असं म्हणून थेंबाण्णा पंगतीला जाऊन बसले आणि तीच आमटी तीनदा मागून घेतली. मारुती म्हणाला, "बघा, हितंबी तीन रीडिंग!"

एरवी हा माणूस इतका मऊ, की बाथमध्ये पडलेला मुंगळासुद्धा चिमट्यानं काढून धुऊन सोडायचा. फक्त एका गोष्टीवर भडकायचा, ती म्हणजे बनवलेला आकडा. माझ्याआधी लॅबला एक गृहस्थ होते, दुसऱ्या टाकीची रीडिंग त्यांच्याकडे होती. ते सोमवारीच शनिवारपर्यंतची रीडिंग लिहून मोकळे व्हायचे. थेंबाण्णांना वास आला. त्यांनी एके सकाळी गुपचूप ब्युरेटमध्ये नुसतं पाणी भरून ठेवलं. नुसत्या पाण्यानं डाळिंबीचा निळा जन्मात होत नाही. तरी गृहस्थांचं रीडिंग रजिस्टरात हजर, आठ पूर्णांक दोन! थेंबाण्णांनी मालकांना सांगितलं नाही. त्या गृहस्थांनाच त्याच पाण्यावर, लाइनवरची सगळी माणसं जमवून, टायट्रेशन करायला लावलं. पन्नास मिली संपलं, रंग डाळिंबीचा डाळिंबी. गृहस्थ पुढच्या महिन्यात आपणहून चिकोडीला दुसरीकडे लागले. हे मला सांगताना थेंबाण्णा शेवटी म्हणाले होते, "चुकलेला आकडा चालतोय गं. मान्सानं चुकावं. बनवलेला चालत न्हाय."

हे वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

मग एक वर्ष असं आलं, की थेंबाण्णा इंडिकेटरवर चिडायला लागले. "आजकाल भेसळ कराय लागल्यात. निळा कसा खुलतच न्हाय." नवी बाटली मागवली, तीही वाईट. मग दोष ट्यूबलाइटवर गेला. ती दोनदा बदलली. मग ते चंबू घेऊन खिडकीशी जायला लागले. मग म्हणाले, आक्का, म्हणजे त्यांची बायको, धोतराच्या तुकड्याला नीट नीळ लावत नाही, तो पिवळा पडलाय. तुकडा माझ्यासमोर होता, लख्ख पांढरा. मी म्हटलं, असेल बाई, वयस्कर माणसाचा हट्ट. इतकी मी एम. एस्सी.!

आणि एके दिवशी आमचा माल परत आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाची ट्रकभर पोती, वर चिठ्ठी की थर पातळ आहे. मालक लाइनवर आले ते लालबुंद होऊन.

"मारुती, बॅरल वेळेआदी काढालास व्हय रं? शेताकडं पळायची घाई?"

"देवाशपथ न्हाय, मालक! घड्याळ लावून काढतोय."

"मग थर कुठं गेला? बाथ तर बरोबर हाय. थेंबाण्णांचा आकडा आठ दोन हाय!"

आठ दोन म्हटल्यावर बाथ ठीक, बाथ ठीक म्हटल्यावर दोष मारुतीचा. पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाचा तपासनीस पुण्याहून येणार होता. त्याच्या आधी मारुतीला लाइनवरून काढून पॅकिंगला बसवतो, असं मालक म्हणाले. ज्या माणसाचं तोंड कधी बंद नसायचं तो दुपारी डबा न उघडता बसला. मला ते बघवेना.

जेवणाच्या सुट्टीत थेंबाण्णा बाहेर गेले, तेव्हा मी सॅम्पल घेतलं. ढवळून. सहा सात. चुकलं म्हणून परत. सहा सात. तिसऱ्यांदा सहा आठ. नवी बाटली फोडून परत. सहा सात. टाकीत जस्त कमी होतं, चांगलंच कमी. आणि थेंबाण्णांची तीन रीडिंग सकाळी एकमेकांशी तंतोतंत जुळली होती. आठ दोन, आठ दोन, आठ दोन. तीनदा आलेला सोयरा, आणि सोयराच खोटा.

कसं सांगायचं? मी निळ्यावर आणून थांबवलेला चंबू धोतराच्या तुकड्यावर ठेवला आणि ते आल्यावर विचारलं, "आण्णा, रंग कुठला?"

त्यांनी वाकून बघितलं. खिडकीशी नेला. "वांगी. आजून दीड मिली तरी हाय."

माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी दारातनं हाक मारली, "मारुती, हिकडं ये. ह्यो रंग कुठला?"

मारुती आधीच दुखावलेला. "निळा," म्हणाला.

"नीट बघ."

"नीटच बघाय लागलोय. निळा हाय, आण्णा. शाळंच्या शाईगत निळा."

मग मालकांना बोलावलं. मालकही म्हणाले निळा. थेंबाण्णा स्टुलावर बसले. कितीतरी वेळ चंबू हातात धरून एकदा ह्या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाणार आणि परत यायचा नाही, आणि ते पाप माझं.

ते उठले, चंबू स्वच्छ धुतला, उपडा ठेवला. मग मारुतीपुढं जाऊन हात जोडले. "तुझी चूक न्हाय बाबा. मला निळा उशिरा दिसाय लागलाय. मी पुढं जाऊन थांबतोय, आकडा जास्त येतोय, आनि जस्त कमी पडतंय. तुझ्या बॅरलनं काय करावं?"

मारुतीला काय करावं कळेना. त्यानं ते हात धरले आणि रडका चेहरा करून म्हणाला, "आण्णा, मग आता बाळंतपण कुणी करायचं ओ?" आणि आम्ही चौघंही हसलो. हसता हसता थेंबाण्णांनी डोळे पुसले, ते मात्र मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिवळ्या काचेतनं बघितल्यासारखं दिसत असणार, निळा रंग सगळ्यांत आधी मरतो. आधी उजवा डोळा करून घेतला. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा बघितलं ते आक्कांना.

"ही निळी साडी कवा घेतलीस?"

"देवा! तुमीच आणलासा की चिकोडीच्या बाजारातनं, दोन वर्सं झाली!"

"मला वाटलं, तू रोज ती मळकी हिरवीच नेसतीस."

आक्का हे मला सांगताना पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि लगेच म्हणाल्या, "साडीला एकदाबी बरी म्हटला न्हाईत म्हणून दोन वर्सं मी रुसून बसलेती, ह्यास्नी पत्ता न्हाय!"

काळा गॉगल लावून थेंबाण्णा कामावर आले ते मिठाईवाल्याकडून कुंद्याचा पुडा घेऊन. पहिला घास मारुतीला. मग लॅबमध्ये गेले आणि त्यांनी जे केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. डावा डोळा झाकून, उजव्यानं टायट्रेशन केलं. मग उजवा झाकून डाव्यानं. प्रत्येकी तीनदा. उजवा आठ एक, डावा नऊ सहा. "दीड मिलीचा फरक गं मास्तरीण!" एवढे खूश, की नवा शोध लावला जणू. "दोन डोळं, दोन लॅब!"

ते ऐकून मालकांच्या डोक्यात दिवा पेटला. तपासनीस परवावर आला होता. "आण्णा, झकास! मागच्या सगळ्या रीडिंगमधनं दीड दीड वजा करून रजिस्टर नवीन लिहून काढा. कुणाला कळत न्हाय."

थेंबाण्णांचं हसू गेलं. "डोळा आज दीडनं चुकतोय. सा महिन्यांमागं कितीनं चुकत हुता, तुमाला ठावं हाय? मला न्हाय. त्यो आकडा बनवलेला व्हतोय, मालक."

"आवो, पण त्यो तपासनीस काम काढून घेईल! मग मी ही चाळीस माणसं कुठं घालू?"

थेंबाण्णांना ते कळत होतं. तोंड उतरलं होतं त्यांचं. पण खिशातलं लाल पेन काढलं, रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक पानावर एकच ओळ लिहीत गेले. 'बघणाऱ्याचा डोळा अधू होता. ह्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. — बाळाप्पा.' संध्याकाळपर्यंत लिहीत होते. लाल शाई संपली, मी माझं पेन दिलं.

तपासनीस आला. पोरसवदा, कडक इस्त्रीचा. रजिस्टर उघडलं, पहिलं पान वाचलं, दुसरं, दहावं. मालक देवाचं नाव घेत उभे. मी आणि मारुती दाराआड. "हे कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"मी," थेंबाण्णा गॉगल काढून म्हणाले. "ह्या डोळ्यानं."

त्यानं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "मी शंभर रजिस्टरं बघतो, काका. सगळ्यांचे आकडे बरोबर असतात." त्यानं नवीन सॅम्पल घेऊन स्वतः टायट्रेशन केलं, थेंबाण्णांनी उजव्या डोळ्यानं केलं, दोन्ही जुळले. परत आलेला माल आम्हाला पुन्हा करून द्यायला सांगितला आणि काम काही काढून घेतलं नाही. जाताना मात्र त्यानं त्या लाल ओळीचा फोटो काढून नेला.

त्यानंतर थेंबाण्णांनी लॅबमध्ये दोन गोष्टी बदलल्या. भिंतीवर एक यादी होती, कुठलं उपकरण किती दिवसांनी तपासून घ्यायचं त्याची. ब्युरेट, पिपेट, तराजू, थर्मामीटर. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'डोळे, वर्षातनं एकदा.' आणि रजिस्टरात एक नवा रकाना आखला, 'दुसरा बघणारा.' तीन रीडिंग एकाची, पण निळा आला की नाही हे दुसऱ्यानं बघून सही करायची. बहुतेक दिवशी तो दुसरा मारुती असायचा. कधी नव्हे ती मारुतीची सही वळणदार झाली.

दुसरा डोळाही झाला आणि वर्षाभरात थेंबाण्णा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, मालकांचं लांबलचक भाषण, सगळं झालं. मारुती गेटवर रिक्षावाल्याशी भांडत होता, कारण थेंबाण्णांनी रिक्षा नको, बसनंच जातो म्हणून सांगितलं होतं. मी आत पळाले. त्या दिवशीचं तिसरं रीडिंग माझं राहिलं होतं.

डाळिंबी गेला. वांगी आला. श्वास धरला. स्वल्प, स्वल्प. टोकाला एक थेंब लोंबकळत होता, आणि मला अजून तो वांगीच दिसत होता. डोळे भरून आलेले, दुसरं काय. मी तोटीला बोट लावलं.

"साकू!"

दारातनं. हातात शाल आणि नारळ, निघता निघता वाकून बघितलेलं. वीस पावलांवरून.

माझा हात थांबला. डोळे पुसून बघितलं तर निळा. आक्कांच्या साडीसारखा, नीट निळा. मी वर बघितलं तोवर ते वळून चालायला लागले होते, आणि मारुती मागनं पिशवी घेऊन पळत होता.

मी आकडा लिहिला, आठ पूर्णांक एक. 'दुसरा बघणारा'च्या रकान्यात लिहिलं, थेंबाण्णा. सही घ्यायला रजिस्टर घेऊन गेटपर्यंत धावले, पण खासबागची बस हलली होती. खिडकीतनं त्यांनी हात केला. मी रजिस्टर उंच धरून सहीची खूण केली. ते हसले आणि हातानंच म्हणाले, बघू, येतो.

आता ते निपाणीला लेकीकडे असतात. सहीची जागा अजून कोरी आहे. मारुती म्हणतो, "मारून टाक की गं तूच, तुला येतीया त्यांची सही." येते. पण मी मारणार नाही.